बँड कोनाचा सांगतला?

लग्नाला जाऊन नवरा-नवरीचं तोंडही न पाहता तृप्त मनाने घरी परतणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला आहे. मामा दिग्रसला राहतात. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून त्यांची नोकरी झाली, त्यामुळे गाव त्यांना डॉक्टर म्हणतं आणि ते ऐकून घेतात. कुणी पत्रिका घेऊन आलं की मुलगा काय करतो, शेती किती, हे सगळं मामी विचारत. मामांचा प्रश्न एकच असे, "बँड कोनाचा सांगतला?" समोरच्याने चाचरत डीजे सांगितल्याचं कबूल केलं की मामा ती पत्रिका दोन बोटांत धरून मामींकडे सरकवत, आणि आहेर घेऊन मामी एकट्या जात. माझ्या सख्ख्या चुलत भावाच्या लग्नाला यायचं त्यांनी असंच नाकारलं. मी चिडून फोन केला, तर म्हणाले, "जवाई, डीजे म्हंजे ट्रक. ट्रकाच्या वरातीत मी कायले येऊ?" आणि फोन ठेवून दिला.

हबीबमास्तरांचा बँड असला तर मात्र मामांना पत्रिका लागत नसे. हबीबमास्तर म्हणजे दिग्रसचे क्लॅरिनेटवाले, आणि त्यांच्यासकट लाल कोटातली सात माणसं म्हणजे मामांच्या मते सात रत्नं. वरातीत सगळे पुढे तोंड करून चालतात. मामा बँडकडे तोंड करून उलटे चालत. वाजवणाऱ्याला पाठ दाखवायची नाही, हा त्यांचा धर्म. दारव्ह्याला असंच उलटं चालताना ते उघड्या नालीत कमरेपर्यंत गेले. लोक धावले, बँड थांबायला लागला, आणि नालीतून हात वर करून मामा ओरडले, "थांबू नका मास्तर, अंतरा अर्धाच झाला!" त्या दिवशी त्यांना बाहेर काढायला चार माणसं लागली आणि धोतर धुवायला मामींना दोन दिवस. मामी म्हणतात, "माह्याशी यायनं नुसत्या अक्षता टाकून घेतल्या. लगन त बँडाशीच लागलं."

ऐन उन्हाळ्यात फुंकणाऱ्यांचे ओठ फुटतात. त्यावर मामांकडे रामबाण होता, गाईम्हशींच्या सडांना भेगा पडल्या की लावतात ते मलम. पहिल्यांदा डबीवरचं म्हशीचं चित्र पाहून मास्तर जरा बिचकले. "डॉक्टरसाब, हे माह्यासाठी हाय?" मामा म्हणाले, "मास्तर, म्हैस कदी तक्रार करत नाई, तुमी काहून करता?" तेव्हापासून लग्नसराईत सातही जणांचे ओठ पिवळे चकाकत. कुठे सोयरीक जुळली असं कानावर आलं की दुसऱ्या दिवशी मामा मास्तरांच्या बँडची शिफारस घेऊन एस.टी.ने तिथे हजर. बारसं असो, बोअरला पाणी लागलेलं असो, त्यांच्या मते बँड सर्वत्र शोभतो. स्वतःच्या निरोप समारंभाला त्यांनी दवाखान्याच्या आवारातच बँड बोलावला, तेव्हा सलाइन लावलेली एक म्हैस सलाइनसकट बाजारात पळाली. मामा म्हणतात की तिची तब्येत त्यानेच सुधारली.

हे सगळं हसत हसत सांगता येतं. पुढचं तसं सांगता येत नाही.

डीजे आले तसे बँडचे दिवस भरले. माणसं पुण्याला, सुरतेला निघायची भाषा करू लागली. मामांची झोप उडाली. गावातल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मालकाची अडलेली म्हैस त्यांनी कधीकाळी सोडवली होती. ते त्याच्याकडे गेले आणि सातही जणांना एकदम कामाला लावून आले. अट एवढीच की मुहूर्ताच्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. मामांना कोण आनंद! संध्याकाळी ते जिनिंगच्या फाटकाशी उभे राहत. कापसाच्या रेशाने डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झालेली माणसं बाहेर पडत आणि मामा मला अभिमानाने सांगत, "एकही मानूस गावाबाहेर गेला नाई, जवाई." बारा हंगाम बँड असा टिकला. मीही त्यांचं कौतुक केलं होतं. तो पांढरा रेशा आत कुठवर जातो, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

मग मास्तरांना खोकला धरला आणि मामा त्यांना घेऊन माझ्याकडे यवतमाळला आले. तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? मास्तर ताठ बसून म्हणाले, "क्लॅरिनेट वाजवतो." डॉक्टर म्हणाले, ते झालं, बाकीचे दिवस? मास्तरांनी जिनिंग सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं आणि आम्हाला सांगितलं की छातीत कापूस बसला आहे, फुफ्फुसं पुन्हा पहिल्यासारखी होणार नाहीत, आणि आता फुंकणं बंद. मास्तरांना आम्ही फक्त जपून राहायला सांगितलं. मी त्यांना दिग्रसपर्यंत पोचवायला गेलो. मास्तर एस.टी.च्या खिडकीशी डुलक्या घेत होते. दारव्हा आलं. मामा हळूच म्हणाले, "त्यायचा दम मीच खाल्ला, जवाई." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत होतं? ते वाक्य मला तेव्हाही पोकळ वाटलं होतं.

गेल्या वर्षी मामांच्या नातीचं लग्न ठरलं. मास्तरांनी लाल कोट इस्त्रीला टाकला आणि घरोघर सांगितलं, "डॉक्टरसाबच्या घरचं लगन हाय, मी नाई वाजवनार त कोन वाजवन?" नको म्हटलं तरी हा माणूस पडेपर्यंत वाजवणार, हे मामांना कळत होतं. नको का, हे सांगायचं तर ते जिनिंगचं बोलावं लागणार होतं, आणि त्याला त्यांची जीभ उचलत नव्हती. शेवटी मामा एकटेच नेरला गेले आणि डीजे सांगून आले. मामांनी! मास्तरांना निरोप गेला की मुलाकडच्यांची हौस आहे. मास्तर लग्नाला आले, कोट घालूनच. डीजेचा ट्रक पाहिला, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवता निघून गेले. मामा अख्खी वरात त्या ट्रकासमोर खाली मान घालून चालले. त्यांना इतकं म्हातारं मी तोवर पाहिलं नव्हतं.

चार महिने दोघांत बोलणं नव्हतं. दिवाळीला मी मामांना जवळजवळ ओढतच मास्तरांच्या घरी नेलं. मामा उंबऱ्यातच उभे राहिले आणि सगळं एका दमात ओकले. डॉक्टर काय म्हणाले, डीजे कुणी सांगितला, जिनिंगमध्ये कुणी लावलं. मास्तर ऐकत राहिले. मग त्यांना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना.

"डॉक्टरसाब," ते शेवटी म्हणाले, "छातीत काय हाय ते मले नाई समजत काय? सातही जनाइले समजते. पन तुमी नसते त बारा वर्स पयलेच क्लॅरिनेट इकून सुरतेले गेलो असतो. एवढे वर्स वाजवलं नं." मग विचारलं, "नातीच्या लग्नात काय वाजलं?"

मामा म्हणाले, "मले काई आयकू नाई आलं, मास्तर."

मास्तरांनी त्यांना हाताला धरून खाटेवर बसवलं. मामा लहान पोरासारखे रडले. मीही रडलो, लपवायचं कशाला?

आता मामा कुणाच्याच लग्नाला जात नाहीत. संध्याकाळी ते मास्तरांच्या खोलीत बसलेले असतात. परवा मी गेलो तेव्हा रस्त्याने एक डीजे चालला होता. भिंती हादरत होत्या आणि मास्तर छातीवर हात दाबून डोळे मिटून पडले होते. मामांनी उठून दार लावलं, खिडकी लावली. मग खाटेशी वाकून मास्तरांच्या तोंडाजवळ कान नेला आणि ट्रक दूर जाऊन त्यांच्या श्वासाची घरघर नीट ऐकू येईपर्यंत तसेच वाकून उभे राहिले.