सगळ्या बटणांखाली ती

माझी घरकारीण वारल्यावर लेकीने तिची गाणी जमवायला घेतली. गावच्या बायकांनी मोबाइलवर भरून ठेवली होती. लेक पणजीत कंप्युटरवर काम करते. तिने त्या गाण्यांचं इंटरनेटवर एक पान केलं. वर बटणं: धालो, फुगडी, ओव्या, लग्नाची. जे दाबाल त्याचीच गाणी राहतात, बाकीची लपतात. मी चौथी नापास, पण बटण दाबायला शाळा लागत नाही.

त्यात एक तुकडा गाण्याचा नव्हताच. धालो म्हणजे बायकांचा रात्रीचा नाच; त्याच्या मांडावर, त्या अंगणात, पुरुषाने पाय ठेवायचा नसतो. एका वर्षी थंडी फार, म्हणून मी घरकारणीची शाल घेऊन कडेपर्यंत गेलो. गाणं अर्ध्यावर टाकून ती म्हणाली, "लाज नाही तुम्हाला? ठेवा ती तिथं आणि चालते व्हा." मागे बायका हसतात. एवढंच. कुठलंही बटण दाबलं तरी हा तुकडा खाली असायचाच. सकाळच्या चहाबरोबर मी तो ऐकायचो.

परवा लेकीला भजनांचं बटण वाढवायचं होतं. म्हणाली, बाबा, मी बटणांमागचं जावास्क्रिप्ट गचाळ लिहिलंय. प्रत्येक बटणाला तेच ते, ही लपव, ती लपव, ही दाखव. एक बटण वाढलं की सगळीकडे हात घालायचा. आता एकदाच लिहिते. प्रत्येक गाण्याला खूण चिकटवायची, बटणाने फक्त खूण सांगायची. जुळली तर दाखव, नाही तर लपव. हे आधी का नाही सुचलं, असं मी विचारलं. तर माझ्यावरच डाफरली. पानभर लिखाण चार ओळींत आलं म्हणून खुशीत होती.

मी धालो दाबलं. तुकडा नाही. फुगडी दाबली. नाही.

"बाय, आईला कुठं घातलंस?"

तिने बघितलं. तो तुकडा कुठल्याच प्रकारात नव्हता, म्हणून त्याला लपवायला जुन्या लिखाणात कुणी सांगितलंच नव्हतं. आता खूण नाही, म्हणून लपला.

"ते गाणं नाही, बाबा. माझी चूक राहिली होती ती."

"मग चूक परत घाल."

ती परत कंप्युटरकडे वळली. मग म्हणाली, एकाला कितीही खुणा देता येतात, कुठली देऊ? मी म्हटलं, सगळ्या.

"भजनांचीसुद्धा? लोक ऐकतील, आई तुम्हाला हाकलते ते."

"ऐकू देत. नवऱ्याला असं बोलणारी दुसरी अख्ख्या पेडण्यात दाखवा म्हणावं."

तिने खुणा टाकल्या. मी आधी भजनांचंच बटण दाबून बघितलं.