गौरीचे खडे

वडील ठाण्याच्या एका शाळेत इतिहास शिकवत आणि देवाधर्माची थट्टा करण्यात त्यांना फार गोडी वाटे. घरी माझ्याकडून सिंधू संस्कृतीचा धडा पाठ करून घेताना ते हसायचे, "अडाणी माणसं! दगडाला देव म्हणत होती." मला त्या हसण्याचा भारी राग यायचा.

त्या भाद्रपदात गौरी आणायची पाळी माझ्यावर आली. आमच्याकडे मुखवटे नसत, खड्यांच्या गौरी. मासुंद्याच्या तळ्यातून सात खडे उचलायचे, ताम्हनात ठेवायचे आणि तोंडात पाणी धरून, कुणाशी एक शब्द न बोलता घरी यायचं.

वाटेत वडील भेटले. बरोबर त्यांच्या शाळेतले दोन मास्तर होते. त्यांच्यासमोर मुलीची हुशारी दाखवायची वडिलांना हुक्की आली.

"सांग पाहू, मोहेंजोदडोची माणसं कशाची पूजा करत?"

उत्तर पाठ होतं, पण तोंडात पाणी. मी चिडून ताम्हनच त्यांच्या नाकासमोर धरलं.

मास्तर खो खो हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी खड्यांकडे पाहिलं, भर रस्त्यात चपला काढून हातात घेतल्या आणि घरापर्यंत माझ्यामागून अनवाणी आले.