बाजूचा तीन फुटांचा बोळ

वरच्या मजल्याच्या परवानगीसाठी मुलाने घराचा जुना नकाशा उलगडला आणि निळ्या कागदाचा उग्र वास नाकात गेला. घर बांधायच्या वेळी उदगीरच्या नगरपालिकेत इंजिनिअरने याच कागदावर लाल रेघ ओढली होती.

"बाजूला तीन फूट सोडा, तरच परवानगी."

माझा नवरा भडकला. "जागा माझी हाय. सोडू कशाला?"

मी म्हटलं, "सोडा की. समोर तुमचं दुकान, मागं घर. मी गिऱ्हाइकांतून घागर घेऊन येऊ काय?"

इंजिनिअर हसला. नवऱ्याने रागारागात सही केली आणि तीन फूट सोडले.

पुढे त्याची तिरडी त्याच बोळातून निघाली. दुकानातून ती वळलीच नसती.

आता मुलगा त्या बोळात जिना घालायचा म्हणतो. मी सांगितलं, "आधी मला त्यातून बाहेर काढ, मग घाल."