थोरल्या जावयाची दुर्बीण

रविवार, दिनांक ३१ मे २०२६, अधिक ज्येष्ठ पौर्णिमा. आंदर मावळातल्या एका वाडीत, सासुरवाडीच्या अंगणात, थोरले जावई भिमाजी यांची दुर्बीण दिवसभरात एकदाही पिशवीबाहेर काढण्यात आली नाही. लग्नाला बावीस वर्षे झाली, त्यात असे प्रथमच घडले. ही तक्रार तारखेसह लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण त्या दिवसाचा जो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो आहे, त्यात भिमाजी कोठेही नाही.

भिमाजी लोणावळ्याच्या वर, दरीच्या कठड्यापाशी, तिपाईवर दुर्बीण लावून उभा राहतो. पर्यटकांना पलीकडचा किल्ला आणि खालची वस्ती दाखवणे हा त्याचा धंदा. लोकांना वाटते, नळीला डोळा लावला की दिसते. तसे नसते. एक डोळा मिटा म्हटले की माणूस दोन्ही मिटतो. कोणाच्या टोपीची कड आडवी येते, कोणाचा चष्मा. आणि गावाकडची बाई असेल तर डोक्यावरचा पदर नेमका भिंगापुढे लोंबतो. ‘मावशी, पदर जरा मागं घ्या’ हे वाक्य भिमाजीने झोपेतसुद्धा उच्चारले आहे, अशी त्याच्या बायकोची, रतनबाईची, साक्ष आहे. बडबडणारा माणूस बोलता बोलता गप्प झाला, की त्याला दिसले असे भिमाजी समजतो. तोवर तो चित्र स्पष्ट करणारी चक्री फिरवीत राहतो.

अधिक महिन्यात जावयांना धोंडे खायला बोलावतात. पुरणाचे धोंडे, तुपाची वाटी, तेहतीस अनारशांचे वाण, असा सारा मान असतो. पण भिमाजीचा खरा मान जेवणानंतरचा. अंगणाच्या कडेला तो तिपाई उभी करी आणि सासू झुंबरबाई धरणाच्या पाण्यापलीकडचा आपल्या माहेरच्या देवळाचा कळस पाही. गुडघे गेल्यापासून तिचे माहेरी जाणे बंद होते. त्यामुळे माहेर म्हणजे तो कळस आणि तो दाखवणारा भिमाजी. धाकट्या जावयाला हे कधी जमले नव्हते. यंदाही झुंबरबाईने फोनवर बजावले होते, "पाव्हणं, दुर्बीण इसरू नगा." म्हणून भिमाजीने रविवारचा धंदा सोडला आणि दुर्बिणीची पिशवी मांडीवर घेऊन वडगावाहून जीपने आला.

अंगणात पाऊल टाकतो तो धाकटा साडू जानू आधीच हजर. त्याच्या हातात पांढरे खोके होते आणि खोक्याभोवती सगळे घर. जानू वराळ्याजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. कंपनीच्या वर्धापनदिनाच्या सोडतीत त्याला ते यंत्र लागले होते. डोळ्यांवर बांधायचे, की चहूबाजूंनी वेगळेच जग दिसते आणि त्यात शिरून गेम खेळता येतो. चिठ्ठी निघाली म्हणून मिळाले. घाम नाही, बावीस वर्षे उन्हात उभे राहणे नाही. भिमाजीच्या पोटात तिथेच दुखू लागले.

"या भाऊ," जानू म्हणाला. "ही आमची बिनपायाची दुर्बीण. पावसाळ्यात धुकं पडलं की तुमचं दुकान बंद. मग तुमच्याच कठड्यापाशी मी हे घेऊन बसतो. काय म्हणता?"

"बसा की. धुक्यात घसरू नका म्हणजे झालं," भिमाजी म्हणाला.

यंत्र मात्र सहजासहजी सुरू होईना. त्याला नेट लागत होते आणि वाडीत रेंज फक्त गोठ्याच्या पत्र्यावर. फोन पत्र्यावर ठेवला. मग यंत्राने अपडेट मागितले. पाऊण तास एक रेघ मुंगीच्या पायाने सरकत राहिली. तो पाऊण तास भिमाजीच्या आयुष्यातील समाधानाच्या प्रसंगांत मोडतो. पण रेघ पोचली. जानूने यंत्र डोक्यावर चढवले, पट्टा आवळला आणि हातातली दांडी जमिनीकडे रोखून स्वतःभोवती फिरू लागला.

"ह्यो काय करतुया?" झुंबरबाईने विचारले.

"हद्द आखतोय, मामी. हिच्या बाहेर पाय गेला की यंत्र सावध करतं."

"बेतानं. शेजाऱ्याचा बांध कोराल!"

सगळे हसले. जानूची बायको रेणुका खेळली, जानू खेळला. समोरून रंगीत ठोकळे येतात, ते दोन्ही हातांतल्या दांड्यांनी फोडायचे. बसूनही खेळता येते म्हटल्यावर झुंबरबाई पुढे सरसावली. "मला द्या. माजं गुडघं गेल्यात, हात न्हाई गेलं."

रेणुकेने आईला स्टुलावर बसवले, यंत्र बांधले, दांड्या हातात दिल्या. आणि झुंबरबाईने, अंगणात दोन जावई उभे आहेत याचे भान ठेवून, सवयीने डोक्यावरचा पदर ओढला. तो थेट यंत्रावरून नाकापर्यंत आला.

"काय दिसतं, मामी?" जानूने विचारले.

"काळंच हाय समदं. काय तरी इंग्रजी अक्षरं आल्यात."

तक्रार यंत्राने लेखी दिली होती, पण ती वाचू न शकणाऱ्या एकटीलाच दिसत होती. जानूने यंत्र काढून स्वतः घातले. झकास दिसले. पुन्हा सासूला घातले, पदर पुन्हा खाली आला, पुन्हा काळोख. फोन हलवला, यंत्र बंद करून सुरू केले, पट्टा सैल केला. तीनदा हेच झाले.

भिमाजीला पहिल्याच वेळी कळले होते. यंत्राच्या तोंडावर चार बारीक भिंगे होती. भिंग कितीही लहान असले तरी भिमाजीच्या नजरेतून सुटत नाही. ती चारही पदराखाली गेली होती. यंत्र आंधळे झाले होते, बाई नव्हे. एक वाक्य पुरेसे होते आणि ते वाक्य त्याच्या जिभेवर बावीस वर्षे बसलेले होते. भिमाजी गप्प राहिला. जानूच्या कपाळावरचा घाम पाहणे त्याला त्या क्षणी धोंड्यांपेक्षा गोड लागले.

शेवटी झुंबरबाईने यंत्र उतरवले आणि दांड्या खाली ठेवल्या. "ऱ्हाऊ द्या, जानूराव. तुमाला दिसतंय, रेणुकीला दिसतंय. माजंच डोळं गेलं म्हणायचं."

ही वेळ आपली, असे समजून भिमाजी पिशवीकडे वळला. "मामी, चला. कळस दाखवतो."

"नगं, पाव्हणं." ती जमिनीकडे पाहत होती. "नगंच ती दुर्बीण. डोळं गेल्यालीला कुटला कळस दिसतोय? दिसला न्हाई तर उगं जीव जाईल माजा."

पिशवीची चेन अर्धी उघडून राहिली. बावीस वर्षांचा मान आपल्याच गप्प बसण्याने बुडाला, हे भिमाजीला उमगले. आता न बोलावे तर तिचे डोळे गेले. बोलावे तर दिवस जानूचा.

"डोळे ठणठणीत आहेत, मामी," तो म्हणाला, आणि घसा खाकरून रतनबाईकडे वळला, कारण सासूच्या पदराला जावयाने हात लावायचा नसतो. "अगं, आईचा पदर मागं खोच. यंत्राची भिंगं पुढं आहेत. ती झाकली जातात."

रतनबाईने पदर मागे घेऊन अंबाड्याखाली खोचला, यंत्र पुन्हा बांधले आणि दांड्या हातात दिल्या. झुंबरबाई काही बोलू लागली आणि मध्येच थांबली. दिसले! पुढच्या क्षणी ती भात झोडावे तशी दोन्ही हातांनी ठोकळे झोडू लागली. "आलं बग, आलं! हाण त्याला!" तिचा ओरडा ऐकून वाडी गोळा झाली. जानूने व्हिडिओ काढला आणि जमलेल्यांना सांगितले, "नेट स्लो होतं, म्हणून जरा उशीर लागला." त्याला कोणी टोकले नाही. रतनबाईनेही नाही.

खेळून दमलेली झुंबरबाई जेवताच झोपली. परतीची जीप आली तेव्हा उठून तिने भिमाजीच्या हाती वाण ठेवले आणि हळूच विचारले,

"पदराचं तुमालाच कसं वो कळलं?"

"रोज बाया येतात दुर्बिणीवर. तसंच होतं."

"मंग पयल्यांदाच का न्हाई बोलला?"

भिमाजीने वाकून पाया पडण्यात वेळ घालवला.

वाचकांकडे मागणी एवढीच आहे. आपल्या घरी असे यंत्र आले आणि म्हाताऱ्या बाईला काळोख दिसला, तर माझे डोळे गेले असे तिने म्हणण्याआधी तिचा पदर मागे घ्या. ज्याने ते सुचवले त्याचे नाव व्हिडिओत घ्या. आणि घरात कोणी दुर्बीण आणली असेल, तर जेवणाआधी ती पिशवीतून बाहेर काढायला सांगा.