पान फाडायचं नाही

मंडईसमोर बसून मी केळीवालीचं चित्र काढत होते. टाकातून शाईचा टपोरा थेंब पडला, तो नेमका तिच्या गालावर. बाकावर शेजारी बसलेले एक काका मघापासून वहीत डोकावत होते. ते हळहळले, "अहो, आधी पेन्सिलीनं काढायचं ना! खोडता तरी आलं असतं. आता फाडा ते पान."

नाही फाडणार. माझी वही शिवलेली आहे. तिच्यातलं बिघडलेलं पान ओढलं, की त्याला जोडलेलं पलीकडचं चांगलं पानही सुटतं. आणि खोडरबर मी बाळगतच नाही. लहानपणी माझं काही चुकलं, की घरात आधी पुसायचं फडकं यायचं. पुष्कळ पुसून झालं. इथे माझी चूक राहणार, ठसठशीत.

थेंब ओला होता तोवर मी बोटानं तो तिच्या पदरापर्यंत ओढला. त्यावर कपातला उरलेला चहा फिरवला. केळ्यांच्या जागी पुडीचा पिवळा कागद फाडून चिकटवला.

"आता तर पारच घालवलंत," काका म्हणाले.

मी पान उलटलं आणि टाक पुन्हा दौतीत बुडवला.

"हलू नका काका. आता तुम्हाला काढतेय. सरळ शाईत."

काकांचा हात चटकन कॉलरकडे गेला.