पाण्यावरून काढलेली रेघ

साळुबाईची वाडी जुन्नरच्या पश्चिमेला, धरणाच्या पाण्याच्या अलीकडच्या काठावर आहे. बावीस घरं. पिकं म्हणजे भात आणि नाचणी. नवरा नारायणगावला मार्केटात टोमॅटोचे क्रेट उचलायला जातो आणि पंधरवड्याने घरी येतो, त्यामुळे घराबाहेरची कामंही साळुबाईच करते. वाडीतली शाळा पट कमी म्हणून बंद झाली, तेव्हापासून तिची पाचवीतली तेजस्विनी आणि आणखी सहा मुलं पलीकडच्या काठावरच्या शाळेत जातात. शाळा वाडीतून दिसते, वारा इकडचा असला तर घंटाही ऐकू येते. पण मध्ये पाणी. खिंड ओलांडून, काठाकाठाने वळसा घालून जावं लागतं. सकाळी सातला निघालेली पोर संध्याकाळी दिवे लागताना घरी यायची आणि जेवता जेवता पेंगायची.

शाळेतल्या वैजयंती मॅडमनी जूनमध्ये सांगितलं, "साळुबाई, लांबून येणाऱ्या मुलांना सरकार वाहतूक भत्ता देतं. त्यातून जीप लावता येईल. कागद तेवढे करा."

ऐन लावणीत साळुबाईने तीन दिवस मोडले. पोरीचं बँकेत खातं काढलं, आधार जोडलं, रहिवासी दाखला आणला. आधारवर नाव 'तेजस्वीनी' आणि शाळेत 'तेजस्विनी', म्हणून एक हेलपाटा जास्तीचा. वेलांटीपायी एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस गेला.

ऑगस्टमध्ये मॅडमनी मोबाईल पुढे धरला. सातही मुलांचे अर्ज नामंजूर. कारण : घर ते शाळा अंतर आठशे सत्तर मीटर.

"कुणाचं घर?" साळुबाईने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती जुन्नरला गेली. त्या दिवशी चतुर्थी होती, लेण्याद्रीला जाणाऱ्यांची गर्दी, एसटीत शेवटपर्यंत उभं राहावं लागलं. शिक्षण विभागाच्या कचेरीत बाळासाहेब नावाचे कारकून या कामाला होते. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. हिरव्या रंगात वाडी, हिरव्या रंगात शाळा, आणि दोहोंना जोडणारी सरळ तांबडी रेघ.

"हे बघा ताई. एक किलोमीटरच्या आत. निकषात बसत नाही."

"आवो भाऊ, ही रेघ पाण्यावरनं गेलीय."

"सिस्टीम हवाई अंतर काढते. पाणी तिला कळत नाही."

"तिला न्हाई कळत. तुमाला कळतंय ना?"

"मला कळून काय उपयोग? मला त्यात बदल करता येत नाही."

"मग माझी पोर काय बगळा हाय व्हय, उडत जायाला?"

बाळासाहेबांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. म्हणाले, रस्त्याने किती अंतर आहे त्याचा अधिकृत दाखला आणा, मग बघू.

त्या दाखल्याने साळुबाईचा जीव खाल्ला. ग्रामपंचायतीत सांगितलं, रस्त्याचं अंतर बांधकामवाले देतात. बांधकामवाल्यांनी वही उघडून पाहिली आणि म्हणाले, असा रस्ताच आमच्याकडे नाही, तो धरणवाल्यांचा. धरणाच्या चौकीवरचा माणूस म्हणाला, आमचा रस्ता भिंतीपाशी संपतो, पुढं फॉरेस्ट. फॉरेस्टवाल्यांनी तर तिलाच दरडावलं, तिथून रोज मुलं नेता तर परवानगी कुणाची घेतली? सप्टेंबर असा गेला. पुढे भातकापणी आली. घरी आली की ती चुलीपुढे बसून पुटपुटायची, "रस्ता न्हाई म्हणत्यात. मग आमी रोज चालतो ते काय हाय?"

दिवाळीच्या सुट्टीत, भात घरात आल्यावर, तिने वैजयंती मॅडमना फोन केला. "मॅडम, लांब उडीला ती टेप असती, ती द्या एक दिवस."

तीस मीटरची टेप मिळाली. शेजारची भागू दुसरं टोक धरायला तयार झाली. दोघी उजाडताच निघाल्या. भागू पुढे जाऊन टेप ताणायची, साळुबाई चुन्याची चिमूट टाकायची, मग पुढची टेप. दहा टेपा झाल्या की साळुबाई सुतळीला एक गाठ मारायची. खिंडीच्या चढाला टेप दगडात अडकायची, भागू वैतागून ओरडायची, "अगं, दे सोडून! कोण मानणारंय हे?"

"न मानू दे. मला तर कळू दे, पोर किती चालती ते."

शाळेच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. सुतळीला एकवीस गाठी आणि वर सात टेपा. साडेसहा किलोमीटर. जाऊन-येऊन तेरा. साळुबाई फाटकापाशी खाली बसली आणि रडली. इतके दिवस नुसतं 'लांब' म्हणत होती, आज आकडा कळला होता.

मॅडमनी ते सगळं कागदावर लिहून दिलं, वाडीतल्या बायांनी सह्या-अंगठे केले. बाळासाहेबांनी कागद वाचला.

"ताई, याला अधिकृत म्हणता येणार नाही."

"मग तुमी या. तुमच्या पायानं मोजा. ते तरी व्हईल ना अधिकृत?"

त्यांनी कागद ठेवून घेतला.

डिसेंबरातल्या एका रविवारी भर दुपारी बाळासाहेब वाडीत आले. चालत. मोटरसायकल खिंडीच्या पलीकडेच पंक्चर झाली होती, तिथून पुढे पायी. बुटाने टाच सोलली होती, शर्ट घामाने ओला. साळुबाईच्या ओटीवर बसून त्यांनी तांब्याभर पाणी संपवलं आणि पलीकडच्या शाळेकडे बघत राहिले.

"रोज जाते का हो ही?" दारात उभ्या तेजस्विनीकडे बोट करून त्यांनी विचारलं.

"रोज. तुमी एकदाच आलाव."

कुणी पाठवलं, असं तिने विचारलं तेव्हा म्हणाले, "कुणी नाही. पाहणीला परवानगी द्या म्हणून साहेबांकडे कागद तीनदा ठेवला, तीनदा तो ढिगाच्या खालीच राहिला." त्यांनी रस्त्याचे, खिंडीचे, पाण्याचे फोटो काढले, ओटीवरच अहवाल लिहिला. परत जाताना तेजस्विनी त्यांना खिंडीपर्यंत सोडायला गेली, आणि त्यांना दोनदा थांबावं लागलं हे तिने घरी येऊन हसत हसत सांगितलं.

सातही अर्ज फेब्रुवारीत मंजूर झाले. भत्ता मार्चमध्ये खात्यावर आला. शाळेचं वर्ष तेव्हा सरत आलं होतं.

"जेवण झाल्यावर ताट वाढत्यात," साळुबाई म्हणाली. पण गप्प बसली नाही. सात घरांच्या बाया घेऊन ती फाट्यावर जीप चालवणाऱ्या गेणभाऊंकडे गेली. गेणभाऊ म्हणाले, खिंडीत माझ्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे मोडतील, तुमचा भत्ता तेवढ्याला पुरायचा नाही. पाऊण तास वाद झाला. शेवटी ठरलं ते असं : जीप खिंडीच्या पलीकडे उभी राहील, तिथून शाळेपर्यंत नेईल आणि संध्याकाळी तिथंच सोडेल. खिंडीपर्यंत मुलांनी चालायचं.

या जूनपासून जीप सुरू आहे. तेजस्विनी आता दिवस असतानाच घरी येते. ही हकीकत ऐकायला मी वाडीत गेलो आणि साळुबाईला भेटलो तेव्हा ती खिंडीतल्या चढावरचे मोठे दगड पहारीने बाजूला सारत होती. म्हणाली, "एवढं काढलं तर गेणभाऊला वाडीत न यायाला कारण ऱ्हाणार न्हाई. सरकारला सांगत बसले तर पोरीचं लगीन व्हईल तवर."

मग तिने दुसरी पहार माझ्याकडे दिली.