सहावारी टेबल

योकोहामात काताबिरा नदीच्या काठी एक अरुंद गल्ली आहे. तिथल्या निम्म्या लोकांना सुप्रभा जोगळेकर ही मूळची हलवाई वाटते. ती हलवाई नव्हे, आणि तिच्या तोंडावर कुणी असं म्हटलं की तिचं डोकं फिरतं. स्वयंपाकाचा तिला पहिल्यापासून कंटाळा. तिचा सगळा जीव लाकडी ठशांत. सागवानी ठसा रंगाच्या गादीवर टेकवायचा, कापडावर नेमका ठेवायचा आणि वरून मुठीचा ठोका द्यायचा, हे काम ती लग्नाआधी पुण्यात शिकली होती आणि त्यात तिचा हात चांगला बसला होता.

मग लग्न झालं. नवरा लक्ष्मीकांत मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीत. नव्वद साली कंपनीने त्याला योकोहामाला पाठवलं. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," असं तो म्हणाला, आणि त्या दोनाची सहा वर्षं कधी झाली ते त्यालाही कळलं नाही. येताना सुप्रभाने ट्रंकेतल्या लोणच्याच्या बरण्या बाहेर काढून तिथे जुन्या साड्यांत गुंडाळलेले ठसे भरले. सासूबाईंनी ती गोष्ट अजून मनात ठेवली आहे.

फ्लॅट म्हणजे दोन खोल्या. छपाईला जागा म्हणजे जेवायचं टेबल, तेही जेमतेम चौघांचं. त्यावर सहावारी साडी छापायची तर दर हातभर कापड पुढे ओढायचं, आणि दर ओढीला नक्षीचा सांधा इकडचा तिकडे व्हायचा. लोकांना तो दिसत नसे. सुप्रभाला त्याखेरीज दुसरं काही दिसत नसे. त्यात संध्याकाळ झाली की रंग आवरून टेबल पुसायचं, कारण त्याच टेबलावर आमटीभात. सहा वर्षं तिने हे केलं. लक्ष्मीकांत ऑफिसला गेला की त्या दोन खोल्यांत तिचा जीव घुसमटायचा, आणि ते सांगायचं तरी कुणाला? फोनवर आईला सांगावं तर आई म्हणायची, परदेशात आहेस, मजा आहे तुझी.

म्हणून हिरानो-सान नावाच्या बाईंचा बंद कारखाना पाहिला तेव्हा ती दारातच थबकली. एकेकाळी या नदीकाठी रेशमी रुमाल छापायचे पुष्कळ कारखाने होते. हा त्यांतलाच एक. धंदा बसला, पाठोपाठ हिरानो-सानांचे यजमान गेले, आणि बाईंनी दाराला कुलूप घातलं. छपराचे पत्रे गंजलेले, एका कोपऱ्यात पाणी गळून फळ्या कुजलेल्या. पण मधोमध छपाईचं टेबल, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सुप्रभाने मनातल्या मनात त्यावर साडी उलगडली. पदरापासून शेवटच्या टोकापर्यंत ती मावली, वर वीतभर जागा उरली. एकाही सांध्याशिवाय, एका दमात साडी! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

व्हिसावर धंदा करायच्या परवानगीसाठी कचेरीत खेटे घालून झाले. हिरानो-सान समोरच्याच घरात राहत. सत्तरीच्या, ताठ, मितभाषी. त्यांनी जागा जवळजवळ फुकटात दिली. डागडुजीला कुरोदा-सान नावाचे सुतार आले. कामाला हात लावायच्या आधी ते म्हणाले, "आता ठोकाठोक सुरू होईल. आजूबाजूच्या घरी जाऊन, त्रास होईल, सांभाळून घ्या, असं सांगून या. जाताना काहीतरी नेतात. टॉवेल चालतो."

सुप्रभा घरी येऊन हसत सुटली. पहिल्यांदा कुणाच्या दारात जायचं, तेही टॉवेल घेऊन? आंघोळ करा म्हणून सांगायचं की काय? आपल्याकडे असं कुणी करतं का! तिने नाक मुरडत बेसन भाजलं, लाडू वळले, आणि घरातल्या स्टीलच्या डब्यांत घालून पाच घरी वाटून आली. इथेच तिची चूक झाली. टॉवेल दिला असता तर टॉवेलावर गोष्ट संपली असती. लाडू कागदी खोक्यात दिले असते तरी संपली असती. पण डबा परत यायचा असतो.

आणि जपानातही भांडं रिकामं परत देत नाहीत. एका डब्यातून संत्री आली, एकातून मुळ्याचं लोणचं, हिरानो-सानांच्या डब्यातून भाजलेली रताळी. शिवाय बरोबर त्यांची स्वतःची बशी. आता बशी रिकामी कशी पाठवायची? सुप्रभाची आई वाटी परत करताना घरात काहीच नसलं तर निदान चिमूटभर साखर घालायची. ते संस्कार सुप्रभाच्या हाडीमासी खिळलेले. तिने पुन्हा बेसन काढलं. तिकडून पुन्हा काहीतरी आलं. दोन्हीकडच्या आयांनी एकच गोष्ट शिकवलेली, मग थांबणार कोण?

कारखान्याचं काम पुढे सरकत होतं. कुजलेल्या फळ्या गेल्या, पत्रे बदलले, खिडक्यांना काचा लागल्या. सुप्रभाने तिथे उभं राहायला हवं होतं. ती उभी होती फ्लॅटमधल्या गॅसपुढे. सकाळी दाराची बेल वाजायची. हिरानो-सान दारात, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी, कमरेत वाकलेल्या, तोंडावर हसू. सुप्रभाही वाकायची, हसायची, आणि दार लावून कढई गॅसवर चढवायची. जिच्या जागेत आपण उभे राहणार, तिला "आता पुरे" म्हणायचं कसं? बाईंचं मन दुखावलं आणि जागाच हातची गेली तर?

एकदा चोरून वेळ काढून तिने कारखान्यात रेशमाचा तुकडा छापून पाहिला. रंग वाळला तेव्हा काठापाशी अंगठ्याच्या आकाराचे फिकट डाग उमटलेले. तुपाचा हात. कितीही साबण लावला तरी तो जात नव्हता, आणि तूप लागलेल्या जागी रंग काही बसत नाही. तिने तुकडा चोळामोळा करून पिशवीत कोंबला. घरी जाऊन ती ओक्साबोक्शी रडली.

त्या आठवड्यात लक्ष्मीकांत खुशीत घरी आला. "अगं, स्टेशनवर कुरोदा-सान भेटले. अख्ख्या गल्लीत तुझ्या लाडवांची चर्चा आहे म्हणे. सगळे विचारतायत, इंडियन स्वीट्सचं दुकान कधी उघडणार?"

"कसलं दुकान?" सुप्रभा ओरडली. "मी छपाईचा कारखाना काढतेय!"

"हो गं, ते पण कर ना. पण प्रॅक्टिकली बघ. मार्केट डाऊन आहे, सिल्कचे स्कार्फ घेणार कोण? खायला लोक येतातच. कुरोदा-सान म्हणाले, त्यांच्याकडे एक जुनं सिंक पडलंय, तसंच बसवून देतील. गॅसची लाइन पण. मी हो म्हणून टाकलं."

"मला न विचारता?"

"चांगलंच करतायत ना ते, सुप्रभा? नाही कसं म्हणायचं?"

हेच तर. सगळे चांगलंच करत होते. कुणी वाईट वागलं असतं तर तिने चार शब्द सुनावले असते. इथे प्रत्येक जण प्रेमाने एकेक वीट आणून देत होता आणि ती मुकाट्याने आपल्याच भोवती भिंत रचून घेत होती. कारखाना काढायला निघाली ती स्वयंपाकघरातून सुटायला, आणि आता योकोहामात तिच्यासाठी दुसरं स्वयंपाकघर बांधलं जात होतं. ती जेवली नाही. लक्ष्मीकांतला वाटलं, ती दमली असेल.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली तर टेबलावर शाईची सरळ काळी रेघ ओढलेली. कुरोदा-सान अभिमानाने म्हणाले, "इथे ओटा येणार. एवढा भाग दुपारी कापतो." रेघेच्या पलीकडे टेबलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा होता. रेघेच्या अलीकडे साडी मावत नव्हती. तिला मोजायची गरजच नव्हती. तिने तोंड उघडलं, पण गेले कित्येक महिने सवयीने येत होतं तेच आलं: "आभारी आहे." स्वतःच्या जिभेचा तिला असा राग कधी आला नव्हता.

घरी ओट्यावर हिरानो-सानांचा लाखेचा काळा डबा परत जायची वाट पाहत होता. बेसनाचं पातेलं शेजारी तयार. सुप्रभाने गॅस पेटवला. भाजायला घेतलं. मग टेबलावरची ती रेघ तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि तिने गॅस बंद केला. डबा धुतला, पुसला, आत हात फिरवून पाहिला. साखरेच्या डब्याकडे हात गेला होता, तो तिने मागे घेतला. आईची मनातल्या मनात माफी मागितली आणि चपला घातल्या.

हिरानो-सानांनी दार उघडलं. सुप्रभाने दोन्ही हातांनी डबा पुढे केला. तो हातात घेताच हलका लागला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी झाकण उघडलं. आत काळ्या लाखेत त्यांचंच तोंड दिसत असणार. संपलं, तिला वाटलं, जागा गेली.

हिरानो-सान दारातल्या पायरीवर हळूच बसल्या. त्यांचे ताठ खांदे खाली आले. "मला वाटलं," त्या म्हणाल्या, "हे आता माझ्या मरणापर्यंत चालणार."

सुप्रभाही पायरीवर टेकली.

"मला साखरेचा आजार आहे. एकही लाडू खाता येत नाही. तुम्ही इतक्या कष्टाने केलेले टाकायचे कसे? म्हणून गल्लीत वाटत आले. लोकांना आवडायला लागले. आणि दर खेपेला, परत काय भरू, या काळजीने माझी झोप उडालेली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

दोघींना हसू फुटलं. आधी कोण हसलं ते सुप्रभाला आजही सांगता येत नाही. पण तेवढ्यात समोरून करवतीचा आवाज आला. ती रस्ता ओलांडून धावली. मागून हिरानो-सान, हातात उघडा डबा तसाच.

कुरोदा-सानांची करवत टेबलाच्या कडेत बोटभर शिरली होती.

"थांबा!" सुप्रभा किंचाळली. "कापू नका! मला ओटा नको. मला दुकान नको. मला स्वयंपाकाचा कंटाळा आहे!" या जपानी वाक्यांत तिने आदराचा एकही प्रत्यय लावला नाही. कुरोदा-सानांनी करवत खाचेतून बाहेर काढली. तिने कोपऱ्यातल्या आपल्या पिशवीतून छापायला आणून ठेवलेली पांढरी साडी काढली, एक टोक त्यांच्या हातात कोंबलं, दुसरं धरून ती टेबलाच्या पार शेवटापर्यंत चालत गेली. कापड सपाट पसरलं. काळ्या रेघेवरून, करवतीच्या खाचेवरून पुढे गेलं, आणि वर वीतभर टेबल उरलं.

हिरानो-सानांनी टेबलाच्या उघड्या लाकडावर तळवा ठेवला. "ते म्हणायचे," त्या आपल्या यजमानांबद्दल बोलत होत्या, "टेबल आखूड केलं की कारखाना संपला." मग कुरोदा-सानांकडे वळून त्यांनी खाली वाकून माफी मागितली, आणि करवत घरी न्यायला सांगितली.

लक्ष्मीकांत आठवडाभर रुसला होता. नंतर पहिली साडी छापताना कापडाचं एक टोक त्यानेच ताणून धरलं.

त्या साडीच्या दिवशी सकाळी कारखान्याच्या पायरीवर सुप्रभाचा शेवटचा स्टीलचा डबा ठेवलेला होता, समोरच्या घरून आलेला, स्वच्छ घासलेला. तिने श्वास रोखून झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. इतका मोठा आहेर तिला लग्नातही मिळाला नव्हता. डबा छातीशी धरून ती आत गेली आणि त्यात तिने लाल रंग कालवला. रंग कालवलेल्या डब्यात पुन्हा कुणी लाडू भरत नाही.